पाहुणी धार

नऊ हंगाम मी नुसती बांधत गेले.
पुढं हिंदुराव काडी तासायचा, खाचेत बसवायचा,
मागनं मी गुडघ्यांवर सरकत
प्लॅस्टिकची पट्टी गुंडाळायची.
मणेराजुरीच्या अर्ध्या बागांत
माझ्या गाठी आहेत, खोडांत बुडालेल्या.

दहाव्या वर्षी तासगावात
साडेचारशे मोजून चाकू घेतला.
घडीचा. लाकडी मूठ, पितळेचे तीन ठिपके,
पात्यावर नखापुरती खाच.
उघडताना कमान कट्ट करून बोलली
आणि एसटीत शेजारची बाई जरा सरकून बसली.
कंपनीची धार आहे, दुकानदार म्हणाला होता,
कागद धरून बघा.
कापल्याचं त्या कागदालाही कळलं नाही.

पण डॉगरीजचं खोड म्हणजे कागद नव्हे.
पहिल्या दिवशी एकशेदहा काड्या.
दुपारनंतर जड झालं सगळं,
मला वाटलं हातच दमला.

तीन आठवड्यांनी मुकादम ओळीतनं फिरला
वाळलेले डोळे मोजत,
मोठ्यानं, सगळ्या टोळीला ऐकू जाईल असं.
अडतीस.
"वैजयंता, पट्टीच बांध गं तू."
हिंदुराव खाली बघून तासत राहिला.
त्याच्या पाचरीवरनं ऊन घसरत होतं.
माझ्या पाचरीवर ते अडकायचं.

दिलावर शिकलगार बाजारच्या दिवशी
मिरचीवाल्यांच्या पलीकडं बसतो,
भोवती विळे, कोयते, न्हाव्याच्या कात्र्या.
पातं त्यानं स्वतःच्या नखावर टेकवलं.
घसरलं.
"तू कापत न्हाईस पोरी. चावतीस."
नवा आहे, म्हणाले मी, कंपनीची धार...
"पावणी असती ती. आली, मिरवली, चार दिसांत गेली.
घरची आपली आपण करायची."

आणि पातं उभं धरून
दगडाच्या कडेवर सरळ ओढलं, तीनदा.
उरलीसुरली होती तीही मारली.
माझे साडेचारशे कर्रकर्र वाजले.

"आता पायापासनं.
एकाच अंगानं घास. दुसरं अंग सपाट राहूंदे,
पाठ टेकून निजल्यावानी."
कुरुंदावर पाणी, पाण्यावर काळी साय.
मग पलीकडच्या अंगाला बोटाशी काहीतरी अडलं,
केसाहून बारीक, दुमडलेलं.
"ही तार. हिलाच धार समजून
कैक जण उठून जात्यात."
तार त्यानं जुन्या चामडी पट्ट्यावर
उलटी ओढून ओढून काढली.

वीस रुपये घेतले. सोडले नाहीत.
वर साबणाच्या वडीएवढा दगडाचा तुकडा दिला.
"मी लावली तर माझी धार.
दर बाजारी यायला लागंल."

पहिले पंधरा दिवस मी पातं गोल करून ठेवलं,
अंगठा दोनदा कापला,
आणि एकदा रागानं दगड न्हाणीत टाकून
सकाळी पुन्हा शोधला.
मग कधीतरी कान लागला.
आधी खरखर, मग सरसर,
मग जवळजवळ काहीच नाही.
त्या काहीच नाहीवर थांबायचं.
पातं पुसायचं, बिजागरीत
शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब,
आणि घडी घालायची,
कमान काय बोलते ते ऐकत.

आता दर चाळीस काड्यांनी पट्ट्यावर चार हात.
टोळीतली पोरं हसतात, बाई दाढी करायला निघाली.
निघू द्या.
यंदा मुकादमानं माझी ओळ मोजली
मनातल्या मनात.
आकडा काही बोलला नाही.

चौथं वर्ष आहे चाकूचं.
मूठ काळी पडली, पातं झिजून
चिंचेच्या आकड्यासारखं बारीक झालं.
कंपनीचं नाव होतं त्यावर, तेही गेलं,
काय होतं ते मला आठवत नाही.

दुपारी बांधावर भाकऱ्या सोडल्या
की हिंदुराव हात पुढं करतो,
दे की जरा, कांदा चिरतो.
मी खिशावर हात ठेवते.
बुक्की आहे की तुला, म्हणते.
तो थोडा थांबतो,
मग दगडावर कांदा ठेवून
नीट नेम धरतो.